मणियार सरांची दुरुस्ती

मणियार सरांनी आयुष्यात एकच इंग्रजी शब्द चुकीचा शिकवला, पण तो सलग अकरा वर्षं शिकवला. बाकीचे सगळे बरोबर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या क्लासमध्ये सरांचा विषय निघाला की लोक त्या एका शब्दावर येतात आणि हसतात. मीही हसले आहे. खोटं कशाला बोलू.

क्लास नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ. दुसरा मजला, खाली झेरॉक्सची दुकानं, शेजारी मिसळीचं हॉटेल. बँक, रेल्वे, तलाठी, पोलीस, ज्या परीक्षेचा फॉर्म निघेल तिची तयारी आमच्याकडे होते. मी तिथे गणित शिकवते. सर इंग्रजी शब्दसंग्रह शिकवायचे. मूळचे वणीचे. देवीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. शाळेतली मास्तरकी संपवून सर रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी संचालक खैरनार सरांनी ओळख करून दिली, "या आहेर मॅडम, गणित." सरांनी माझ्या हाताकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "दोन-सहा." मला वाटलं तासांची वेळ सांगतायत. मी म्हटलं, "नाही हो, मला आठपर्यंत थांबावं लागतं." ते माझ्या बांगडीचं माप होतं, हे मला महिन्याभरानं कळलं.

दिसायला सर म्हणजे तुमच्या-माझ्या शाळेत असतातच तसे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. हातात कापडी पिशवी, पिशवीत जाड कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एक इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, वरच्या कोपऱ्यात भोक. सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द एका दोऱ्यात ओवलेले. दुकानात एका मापाच्या बांगड्या एकत्र ठेवतात तसे. असे दोनेकशे दोरे वर्गाच्या भिंतीला खिळ्यांवर लटकलेले असायचे. पंखा पाचवर केला की सगळी भिंत फडफडायची, म्हणून आमच्या वर्गात मे महिन्यातसुद्धा पंखा दोनवर असायचा. शब्दकोशात बघून तपासलेल्या पट्टीवर सर हिरव्या शाईनं बारीक खूण करायचे.

एका दोऱ्याला सर 'घर' म्हणायचे. सरांचं म्हणणं असं, की ज्यांची अक्षरं सारखी, त्यांचा स्वभावही बऱ्यापैकी सारखा असतो. एकेक शब्द पाठ करत बसू नका, घरात जा, सगळ्यांशी ओळख करून घ्या, मग परीक्षेत कुणी समोर आलं तर निदान कुठल्या घरचं आहे ते कळेल. आणि शब्दांबद्दल सर अत्यंत आदरानं बोलायचे. जी-एलचं घर उजेडाचं. "ग्लिमर बाई मिणमिणतात. ग्लेअर साहेब डोळ्यांवर येतात. ग्लान्स हे पाहुणे, बघितलं न बघितलं आणि निघाले. ग्लिटर यांना चमकल्याशिवाय चैन पडत नाही. आणि हे ग्लूम. अंधार, उदासी. उजेडाच्या घरात जन्माला आले, आता काय करता. असतात एकेका घरात."

हे सगळं चेहरा न हलवता. मुलं खाली माना घालून हसायची, सर थांबायचे, हसू संपलं की पुढचा शब्द.

एस-एनचं घर नाकाचं. स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर घोरणे, स्निफ हुंगणे, स्नॉट शेंबूड, स्नीअर म्हणजे नाक मुरडणे, आणि स्नॉब म्हणजे ज्याचं नाक कायम वर असतं तो. एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मग स्नेक? सापाला कुठं नाक?"

"साप त्या घरात भाड्यानं राहतो," सर म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

आम्हा शिक्षकांनाही सरांनी घरं वाटून दिली होती. मी कशाहीबद्दल कुरकुर करते असं लोकांचं म्हणणं आहे. एकदा मी स्टाफरूममध्ये चहाबद्दल, पंख्याबद्दल आणि बारा वाजताच्या तासाबद्दल बोलत होते, तर सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही जी-आरच्या घरातल्या." मी म्हटलं, कोण कोण आहे त्यात? सर म्हणाले, "ग्रंबल, ग्राउल, ग्रोन, ग्राइप, ग्रंपी." म्हणजे कुरकुरणे, गुरगुरणे, कण्हणे, तक्रार करणे आणि तिरसट. मी म्हटलं, "त्यात ग्रेट पण येतं सर."

"येतं. पण ते त्याच गल्लीत राहतात, घर वेगळं."

मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळलंही नाही, हे आणखी वाईट.

सरांचा नियम दिवसाला एकच घर. खैरनार सरांना हे मुळीच पसंत नव्हतं. बाकीचे क्लासवाले तासाला शंभर शब्द देतात, आपण सहा देतो, मुलं पळतील, असं ते दर सोमवारी म्हणायचे. शेवटी त्यांनी मोबाइल ट्रायपॉडवर लावला आणि सरांना व्हिडिओ करायला लावला, 'एका तासात शंभर शब्द'. सरांनी पूर्ण तास नाकाचं घर घेतलं. तिसऱ्या मिनिटाला खडूच्या धुळीनं त्यांना खरोखर शिंक आली, तर त्यांनी शिंकही समजावून सांगितली. व्हिडिओखाली एकानं लिहिलं होतं, 'सर, नाकाच्या पुढे कधी जाणार?' सरांनी त्याला उत्तर लिहिलं, 'उद्या.'

आणखी एक खोड. पहिल्या दिवसापासून ते मुलांना साहेब आणि मॅडम म्हणायचे. नाशिकला खोली करून राहणारी, दोन शर्टांवर वर्ष काढणारी पोरं, त्यांना 'या पवार साहेब, बसा.' मी म्हटलं, सर, अजून फॉर्म भरलेला नाही त्यानं. तर म्हणे, सवय आधी लागलेली बरी. मनीषा गावितलाही ते पहिल्या दिवसापासून गावित मॅडमच म्हणत.

मनीषा सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. घरी भात आणि नागलीची शेती, वर्षातले काही महिने आईबाप मजुरीला बाहेर. मराठी तिला शाळेत शिकावी लागली, घरची बोली कोकणी, तिकडच्या आदिवासींची. म्हणजे इंग्रजी ही तिची तिसरी. चार वर्षं आमच्याकडे होती. पहिल्या बाकावर, भिंतीकडून. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती दोरे हातात घेऊन एकेक पट्टी वाचायची. सरांनी न सांगता त्या भिंतीची झाडझूड तीच करायची. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला दरवर्षी थोडक्यात राहायची. ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय ते तिचं वयात बसण्याचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी बँकेचा फॉर्मच घेतला गेला नसता. हे सगळ्या क्लासला माहीत होतं. सरांनी तर तिच्यासाठी रोज संध्याकाळी एक जादा घर घ्यायला सुरुवात केली होती.

त्या परीक्षेत सरांचा एक शब्द आला. एनर्व्हेट.

ई-एन-ई-आरचं घर लहान, चौघांचं. एनर्जी, एनर्जेटिक, एनर्जाइझ आणि एनर्व्हेट. सरांच्या पट्टीवर अर्थ होता, 'शक्ती देणे, जोम आणणे.' परीक्षा सुटल्यावर तासाभरात क्लासच्या ग्रुपवर मनीषाचा मेसेज आला, 'सर आपला एनर्व्हेट आला. घर आठवलं. लगेच खूण केली.' खाली हात जोडलेले आणि फुलं. मागोमाग आणखी नऊ-दहा जणांचे. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या स्टाफला चहा सांगितला आणि मी चहाला नावं ठेवली नाहीत, एवढं वातावरण चांगलं होतं.

मग उत्तरं जाहीर झाली, आणि एक मुलगा सरांकडे आला. "सर, त्यांची चूक दिसतेय. एनर्व्हेटला त्यांनी 'शक्ती काढून घेणे' दिलंय."

सर म्हणाले, हरकत घेऊ. बसून सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. 'महोदय, आपल्या उत्तरतालिकेतील क्रमांक अमुकचे उत्तर सदोष असून,' इथपर्यंत. पुरावा म्हणून शब्दकोशातला पान नंबर द्यायला हवा, म्हणून कपाटातला जाड शब्दकोश काढला. मी समोर पेपर तपासत बसले होते. सरांनी पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला. मग उठून वर्गात गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी तो दोरा खिळ्यावरून काढला होता. चारातल्या तीन पट्ट्यांवर हिरवी खूण होती. चौथीवर नव्हती.

"तिघं इतके ओळखीचे होते," सर म्हणाले, "की चौथ्याची चौकशीच केली नाही."

मी म्हटलं, "सर, होतं. ग्लूम तुम्हीच शिकवता ना, उजेडाच्या घरातलं? तसंच हे." मला वाटलं मी धीर देतेय. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की हेच बोलायला नको होतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. मनीषा पाऊण मार्कानं राहिली. उत्तर चुकलं की पाव मार्क कापतात. तो एक प्रश्न बरोबर आला असता तर ती बँकेत असती. हे गणित मी कुणी न विचारता केलं आणि कुणाला सांगितलं नाही. सरांनी ते माझ्याआधी केलेलं होतं. मनीषा निकालाच्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खोली सोडून गावाला गेली असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तिनं ग्रुप सोडला होता.

खैरनार सर म्हणाले, "सर, एवढं काय मनाला लावून घेता. क्लासच्या शब्दपुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"पुढची आवृत्ती पुढच्या मुलांना," सर म्हणाले. "मागच्यांना कोण सांगणार?" आणि त्यांनी अकरा वर्षांचे हजेरीपट मागितले.

आम्हाला वाटलं, आठवडाभर करतील आणि सोडून देतील. सर रोज तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बसून एकेक नाव घ्यायचे, फोन लावायचे, बोलायचे, नावावर रेघ मारायचे. फोनवरचं बोलणं ठरलेलं. "नमस्कार साहेब, मणियार बोलतोय, इंग्रजी. मी आपल्याला एनर्व्हेट हा शब्द चुकीचा शिकवला आहे. त्याचा अर्थ थकवणे, शक्ती काढून घेणे. कृपया दुरुस्ती करून घ्यावी." पलीकडे कुणी पोलिसात लागलेला असायचा, कुणी दुकान टाकलेलं, कुणी लग्न होऊन सुरतला. बहुतेकांना तो शब्दच आठवत नव्हता. मग सर आधी घर सांगायचे, चौघांची नावं सांगायचे, चुकीचा अर्थ आठवून द्यायचे, आणि आठवला की तो दुरुस्त करायचे.

मी एक दिवस म्हटलंच, "सर, जे विसरलेत त्यांना तुम्ही आधी चुकीचं आठवून देता आणि मग बरोबर सांगता. त्यापेक्षा विसरलेलेच बरे नाहीत का?"

सरांनी विचार केला. "पण विसरलेत हे विचारल्याशिवाय कसं कळणार?" आणि पुढचा नंबर लावला. 

ज्यांचे नंबर बदलले होते त्यांच्याकडे सर रविवारी एसटीनं जायचे. इगतपुरीला रेल्वेत लागलेल्या एकासाठी तीन वेळा गेले. दोनदा त्याची ड्युटी बदललेली होती. सटाण्याला माझं माहेर, आई तिथे असते, म्हणून तिकडची नावं माझ्या गाडीतून झाली. सर मागच्या सीटवर बसायचे. मी म्हटलं, सर, पुढे या, मी ड्रायव्हर वाटते. ते म्हणाले, "पुढून रस्ता दिसतो. मला भीती वाटते."

सटाण्याला भूषण म्हणून एक जुना विद्यार्थी होता. परीक्षा दोन वेळा देऊन त्यानं नाद सोडला आणि कृषी सेवा केंद्र टाकलं. आम्ही दुकानात गेलो तर तो धावत बाहेर आला, पाया पडला, तिकडच्या बोलीत म्हणाला, "बसा सर, चहा ल्या. काय काम शे?" सरांनी नमस्कार साहेब वगैरे सगळं व्यवस्थित म्हटलं. शब्द ऐकल्यावर भूषणचा चेहरा उजळला. म्हणाला, "सर, तो शब्द मी कसा विसरू?" आणि मागच्या फळीवरून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

कांद्याला मारायचं टॉनिक होतं. त्यानं स्वतः बनवून विकायला काढलेलं. हिरव्या लेबलवर मोठ्या अक्षरांत, 'एनर्व्हेट गोल्ड. पिकाला देई नवा जोम.' खोली भरून खोकी होती, शेजारी नमुन्याला त्यावर पिकवलेले कांदे.

मी आयुष्यात इतकं ओठ चावून कधी बसले नव्हते. सरांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं, मागची बाजूही वाचली, आणि खाली ठेवली. मग अर्थ सांगितला. भूषणनं बाटली पुन्हा फळीवर ठेवली. मग म्हणाला, "पण सर, माल चालस ना. कांदाले कोठे इंग्रजी येस?"

 हजेरीपटात सरांनी भूषणच्या नावावर रेघ मारली नाही, गोल केला. परत येताना चांदवड आलं. मग मागून आवाज आला, "मॅडम, कांदा कसा होता त्याचा?" मी म्हटलं, "चांगला होता, सर." 

असं करत पावसाळा गेला, दिवाळी झाली, नावं संपत आली. मनीषाचं नाव मात्र तसंच होतं. फोन लागत नव्हता हे खरं, पण इगतपुरीला तीनदा जाणारा माणूस सुरगाण्याला एकदाही गेला नव्हता. मला दिसत होतं. तो एक पट ते उघडायचे, बोट तिच्या नावापर्यंत न्यायचे आणि पट मिटायचे. शेवटी मीच एका शुक्रवारी म्हटलं, "सर, रविवारी मी गाडी काढतेय. तुम्ही येताय." थोडं ओरडूनच म्हटलं.

रस्ता वणीवरून जातो. सरांचं गाव, भाऊ अजून तिथे दुकान चालवतो. मी गाडी हळू केली. सर म्हणाले, "नको. येताना बघू." आणि ओठ हलवत राहिले, वाक्य पाठ करत असावेत.

पाड्यावर पोचलो तेव्हा खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. मनीषा पदर खोचून उभी, डोक्याला फडकं, केसांत तूस. आधी मला ओळखलं तिनं, मग माझ्या मागे सर दिसले. हातातली पेंढी तिनं खाली ठेवली नाही.

"गावित मॅडम," सर म्हणाले, "एक शब्द दुरुस्त करायचा होता."

"माहीत हाय, सर. मी तवाच बघितला." मग ती म्हणाली, "आणि मॅडम नका म्हणू मला. नाय झाले मी."

  मनीषानं पेंढी झोडली, दुसरी घेतली, आणि सरांकडे न बघता म्हणाली, "चार वर्षं मी त्या भिंतीवरची धूळ पुसली, सर. सगळ्या पट्ट्यांवर हिरवी खूण होती. त्या एकीवर नव्हती. मला वाटायचं तुमची शाई संपली असंल. तपासला का नाय तुम्ही?"

"घरावर विश्वास ठेवला," सर म्हणाले.

"मी पण ठेवला. तुमच्यावर."

सरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमची नोकरी माझ्यामुळे गेली," ते म्हणाले. पाठ केलेलं वाक्य हे नसावं, कारण आवाज निराळाच आला.

"गेली," मनीषा म्हणाली.

तिनं 'जाऊ द्या सर' म्हणावं असं मला फार वाटत होतं. सरांसाठी नव्हे, माझ्यासाठी. मला ते बघवत नव्हतं. ती म्हणाली नाही. तिच्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं मास्तर आलेत म्हणून खाट टाकली, नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ आणून दिली. सरांनी भाकरी पूर्ण खाल्ली. मग ताट बाजूला ठेवून तसेच बसून राहिले, उठायचं कसं हे कळत नसल्यासारखे.

मनीषा हात धुऊन आली. उभ्या उभ्याच बोलली. "राज्याच्या परीक्षांना माझं वय हाय अजून. आठ-नऊ वर्षं. पण नाशिकला राहायला आता जमायचं नाय, बाबाची कंबर धरलीय. इथं नेटवर्क पण नाय."

"मी येईन," सर म्हणाले.

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"आणि मी तपासणार. तुम्ही शब्द सांगायचा, मी कोशात बघायचा, मग लिहायचा. एक पण तसाच नाय."

"तपासा," सर म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले की ती जरा दचकली.

येताना वणीलाही ते थांबले नाहीत. दिंडोरीच्या अलीकडे म्हणाले, "मॅडम, त्यांनी माफ नाही केलं."

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं. केलं असतं तर मी परत गेलो नसतो."

त्यानंतर सव्वा वर्ष सर दर रविवारी सुरगाण्याला गेले. वय एकोणसत्तर, पुढे सत्तर. सकाळची पहिली एसटी, मग जीप, मग दोन किलोमीटर पायी. कपाटातला जाड शब्दकोश त्यांनी तिला देऊन टाकला. खैरनार सर क्लासची मालमत्ता म्हणून कुरकुरले तेव्हा मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. सोमवारी मी विचारायचे, "काल कसं झालं?" सर म्हणायचे, "चार शब्द झाले." किंवा, "एकात थोडा फरक निघाला. त्यांनी दाखवला." हे सांगताना त्यांच्या आवाजात कमीपणा नसायचा, उलट हजेरी लागल्यासारखं काहीतरी असायचं. मला त्यांचा राग यायचा, इतकं झिजायचं कशाला म्हणून. आणि खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. मी गणितात किती पोरांचं काय चुकवलं असेल, कुणाच्या दारात गेले मी?

मागच्या एप्रिलमध्ये सर गेले. घरीच, दुपारी, झोपेत. मनीषानं ज्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे ती दोनदा पुढे ढकलली गेली, अजून झालेली नाही. तेव्हा त्या बाबतीत सांगण्यासारखं काही नाही.

मी सरांना पाड्यावर शिकवताना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी. सरांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी गाडी काढली. मनीषाच्या घराच्या पडवीत तेव्हा पाड्यावरच्या सात-आठ मुलीही येऊन बसायला लागल्या होत्या. भिंतीला काळा रंग मारून फळा केलेला. मनीषा पुढे बसलेली, मांडीवर शब्दकोश. एस-पी-आरचं घर चाललं होतं, पसरण्याचं. स्प्रे झाला, स्प्रिंकल झाला. प्रत्येक वेळी तेच. सर शब्द आणि अर्थ सांगायचे, खडू वर धरून थांबायचे, मनीषा पानं उलटायची, बोट फिरवायची, ओठांत वाचायची, 'हां, लिहा' म्हणायची, मग खडू भिंतीला लागायचा. पंचेचाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस परवानगीसाठी हात वर करून उभा. मुलींना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्या मते इंग्रजी असंच शिकवतात.

"स्प्रॉल," सर म्हणाले. "हातपाय पसरून ऐसपैस पडणे." आणि अंगणातल्या कुत्र्याकडे बोट केलं. मुली हसल्या. सरांनी खडू वर धरला आणि थांबले.

मनीषानं शब्दकोश उघडला नाही. "लिहा, सर," ती म्हणाली.

सर तसेच उभे. "बघा आधी," ते म्हणाले.

"लिहा तुम्ही."

"तपासून घ्या, मॅडम."

"तुम्ही सांगितलंय ना, सर. लिहा."

सर लिहीनात. खडू धरलेला हात वरच राहिला. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, मनीषा मात्र सरांकडे बघत होती आणि शब्दकोशावर दोन्ही हात ठेवून बसली होती. मग सर आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वळले. एस काढला, पी काढला, आणि पुढचं अक्षर काढायला त्यांना फार वेळ लागला.